काटकोनांच्या दोन टिचक्या

"जगातलं सर्वांत थोर यंत्र कोणतं, बाबा? जे स्वतःहून काहीही करत नाही ते! ते नुसतं कान टवकारून बसतं. माणसानं बोट लावलं की जागं होतं, ऐकतं, सांगितलेलं काम करतं आणि पुन्हा कान टवकारून बसतं. माणूस आणि यंत्र यांच्या नात्याचा हा कळस आहे!"

जावयांनी भर दुकानात असं जाहीर केलं आणि कळस किती उंच ते दाखवायला एक हात वर नेताना त्यांचं दुसरं कोपर सरसाच्या डब्यात गेलं.

"ओढू नका," सासरे म्हणाले. "सरस आहे तो, ओढाल तर बाही तिथंच राहील. हळूच वळवा. हां. आता बोला. कळस कुठवर आला होता?"

दुकान तसबिरींना आणि आरशांना चौकटी करून देण्याचं. माझं तिथं काही काम नसतं, म्हणून तर मी रोज जातो. दाराशी एक स्टूल आहे, त्यावर बसलं की रस्ताही दिसतो आणि दुकानही. जावई ज्याला थोर म्हणत होते ते सगळं, म्हणजे काहीही न करता कान टवकारून बसणं, मी कितीतरी वर्षं त्या स्टुलावर करत आलो आहे. त्याबद्दल मला कुणी कळस म्हटलेलं नाही.

सासऱ्यांना आमच्या गल्लीत काटकोन म्हणतात. अर्थात त्यांच्या पाठीमागं. चौकटीचा कोपरा काटकोनातून जरा ढळला तरी या गृहस्थाला घास गिळवत नाही. कुणाकडे गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करतात, मग "काय, बरे आहात ना?" विचारतात. त्यांचे बंधू, धाकटे, मागच्या खोलीत काच कापतात. काच कापताना श्वास रोखून, तोंड मिटून बसावं लागतं. धाकट्यांनी पुढं ते उघडण्याचा फारसा खटाटोप केला नाही.

आता खरी गोष्ट. काटकोनांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात राहते आणि तिचे दिवस भरत आले होते. आई केव्हाच गेलेली. लेकीनं बापाला एवढंच सांगितलं होतं, "बाळ येईल तेव्हा मला तुम्ही जवळ हवे आहात." आणि काटकोन म्हणाले होते, "येतो की. पण दुकान?"

हे 'पण दुकान' त्या पोरीनं लहानपणापासून ऐकलेलं. शाळेच्या नाटकात ती राणी झाली होती तेव्हा 'पण दुकान'. तिच्या लग्नात पंगतीतून उठून काटकोन कुणा बाईंचा आरसा पोचवून आले होते, तेव्हाही 'पण दुकान'. एरवी ती भांडायची. या वेळी फोनवर फक्त तिनं नाक ओढल्याचा आवाज आला.  काटकोनांनी रिसीव्हर ठेवला आणि भिंतीवरच्या सगळ्या सरळ तसबिरी पुन्हा एकदा सरळ केल्या.

अडचण खोटी नव्हती. दुकानातलं प्रत्येक काम काटकोनांच्या डोक्यात असे. कोणता फोटो कुणाचा, त्याला कोणती पट्टी, कडेनं कागद किती सोडायचा, सगळं डोक्यात, आणि डोकं दुकानात. डोकं गेलं तर दुकान बंद. म्हणून जावयांनी रजा काढली, गाडीच्या मागच्या सीटवर एक जुना पण धडधाकट कॉम्प्युटर झोपवला आणि इथं येऊन ठेपले. बेत सोपा होता. दुकानासाठी छोटासा प्रोग्रॅम लिहायचा, डोक्यातलं सगळं त्यात ओतायचं, धाकट्यांनी त्यावर दुकान चालवायचं आणि काटकोनांना गाडीत घालून न्यायचं. निघताना बायकोनं बजावलं होतं, "बाबांना घेऊन ये. नाहीतर तूही तिथंच राहा, पट्ट्या तासत."

जावई मोठ्या कंपनीत आहेत. त्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम म्हणे देशोदेशीचे लोक वापरतात. त्यांतला एकही माणूस मात्र जावयांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आज पहिला पाहत होते, आणि नेमका तो सासरा निघाला.

काटकोनांनी पडद्याकडे पाहिलं, खिशातून काटकोन तपासायचा गुण्या काढला आणि पडद्यावरच्या खिडकीच्या कोपऱ्याला लावला.

"गोल आहे."

"हो, हल्ली कोपरे गोलच ठेवतात. डोळ्यांना बरं वाटतं."

"कुणाच्या?"

जावयांनी कोपरे चौकोनी केले.

मग आले रकाने. रुंदीच्या रकान्यात काटकोनांनी सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'बारा, केसभर कमी'. यंत्रानं लाल अक्षरांत कळवलं, 'कृपया फक्त आकडे लिहा.'

"हे माझ्यावर ओरडलं," काटकोन म्हणाले.

"ओरडलं नाही, बाबा. केस म्हणजे किती ते त्याला कळत नाही."

"मग ते चौकटी कशाला करतंय?"

जावयांनी रुंदीच्या शेजारी एक चिमुकला चौकोन काढून दिला, 'केसभर कमी'. त्याखाली आणखी एक, 'केसभर जास्त'. नावाच्या रकान्यात मात्र वाटेल ते चालत होतं, त्यामुळे काटकोन तिथं खुशीत आले. 'भांडकुदळ बाई, पण हिशेबाला चोख.' 'तो उंच, घाईतला.' 'दातांचे डॉक्टर (हसत नाहीत).'

"ग्राहकाचं नाव लिहायचंय तिथं," जावई म्हणाले.

"नावानं मला कुणी आठवत नाही."

"अहो, पण काकांना आठवायला हवं ना?"

मागच्या खोलीतून धाकट्यांचा आवाज आला, "हसत नाहीत. कळलं."

एकंदर सुरुवात झकास झाली. पुढं काटकोनांनी काम लिहून माऊसनं 'जतन करा' हे बटण दाबायचं, की मागच्या खोलीत धाकट्यांच्या शेजारी ठेवलेलं इवलंसं छपाईयंत्र कुरकुरत एक चिठ्ठी बाहेर काढायचं. चिठ्ठीवर माप, पट्टी, रंग. धाकटे ती वाचायचे आणि काच कापायचे. जावयांनी फोनवर बायकोला सांगितलं, "बाबांची बॅग भरायला घेतो." तिला एवढा आनंद झाला की तो मला स्टुलावर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई आपल्या दिवंगत यजमानांचा फोटो न्यायला आल्या. धाकट्यांनी त्यांच्यापुढं तो आणून ठेवला, अगदी देखणा. आणि शेजारी तस्सीच दुसरी चौकट, काच लावलेली, पाठ बसवलेली, रिकामी.

"ही कुणाची?" बाईंनी विचारलं.

"तुमचीच," धाकटे म्हणाले.

"मला एकच नवरा होता."

धाकट्यांनी चिठ्ठ्या दाखवल्या. दोन होत्या.

"दुसऱ्या चौकटीत मी कुणाला घालू?" बाईंनी शाळेतल्या आवाजात विचारलं.  मी रस्त्याकडे पाहू लागलो.

तपास केला तेव्हा सगळ्याच कामांच्या जोड्या निघाल्या. हसत नसलेल्या डॉक्टरांचे आरसेही दोन. जावयांनी घाम पुसला.

"बाबा, तुम्ही बटण दोनदा दाबता का?"

"एकदाच."

"नक्की?"

"जावईबापू, मी म्हातारा झालोय, बोटं मोजता येतात मला."

जावयांनी शेजारी उभं राहून खातरजमा केली. आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाची नजर असते पडद्यावर. हाताकडे बघायचं त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. पडद्यावर काम एकदा उमटताना दिसलं आणि लगेच त्याच्याखाली त्याचा जुळा भाऊ. जावयांनी निदान केलं की माणूस घाई करतोय. आणि घाई करणाऱ्या माणसाला यंत्रानं एकदा विचारलेलं बरं. म्हणून त्यांनी 'जतन करा' दाबल्यावर उघडणारी एक छोटी खिडकी घातली, 'नक्की जतन करायचं का?' खाली दोन बटणं, 'होय' आणि 'नाही'.

त्या दिवशी दुकानात विलक्षण शांतता होती. काटकोन पुढं बसून कामांमागून कामं लिहीत होते. मागचं छपाईयंत्र मात्र चकार शब्द काढेना. धाकटे चिठ्ठीची वाट पाहून कंटाळले आणि त्यांनी मागची खोली झाडून काढली. त्या खोलीला फरशी आहे हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी जावयांनी उघडून पाहिलं तर आत काहीच नाही.

"बाबा, इथं एकही काम नाही!"

"कसं नाही? दिवसभर लिहितोय."

"खिडकी उघडत होती ना? नक्की का म्हणून विचारणारी?"

"काहीतरी लुकलुकत होतं खरं."

"तिला तुम्ही 'नाही' म्हणालात. प्रत्येक वेळी."

"मी? मला विचारलं कधी?"

काटकोन उठले, मागं गेले आणि दिवसभरातली सगळी कामं धाकट्यांना तोंडपाठ सांगून आले, केसांसकट. मग फोन उचलून लेकीला म्हणाले, "अगं, जावईबापूंनी फार कष्ट घेतले. पण ते यंत्र काही धड ऐकत नाही. पुढच्या महिन्यात बघतो जमतंय का."

"बाळाला सांगून ठेवते," पलीकडून लेक म्हणाली. "म्हणावं, जरा थांब, आजोबांचं दुकान आहे."

हे ऐकल्यावर काटकोनांनी काय करावं? पुन्हा तसबिरी सरळ करायला घेतल्या. जावयांची रजा संपत आली होती. त्यांचा चेहरा चौकटीतल्या कागदाइतका पांढरा झाला होता.

"एक मिनिट, फोन ठेवू नकोस," त्यांनी बायकोला विनवलं आणि आवाज मोठा करून फोन कॉम्प्युटरशेजारी ठेवला. "तूच ऐक. मी बाबांना सगळं नीट समजावलंय. बाबा, एक काम लिहा बरं. हां. आता दाबा."

टक्-टक्.

"बघितलंस? परत काहीच नाही!"

 फोनमधून हसू आलं. असं की जावयांना काळजी वाटली, या अवस्थेत इतकं हसावं की नाही.

"बाबा, आत्ता काय केलंत?"

"बटण दाबलं."

"कितीदा?"

"एकदा."

"मला दोनदा ऐकू आलं. अहो, काच वाजवलीत तुम्ही!"

आणि तिनं नवऱ्याला समजावलं. बाबा काच हातात घेतली की तिला नखानं दोन टिचक्या मारतात, तडा आहे का ते ऐकायला. आयुष्यभर मारतात. आता ते कशालाही हात लावतात तो तसाच. दार, कपबशी, टरबूज, सगळ्याला दोन टिचक्या.

"एकदा वाजवून काय कळणार?" काटकोन म्हणाले. त्यांना यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. "पहिल्या टिचकीनं काच जागी होते. दुसरीला बोलते. दोन्ही मिळून एकच वाजवणं झालं."

"तुला आठवतं का रे," लेक नवऱ्याला म्हणाली, "पहिल्यांदा घरी आलास तेव्हा बाबांनी तुझ्या डोक्यावर दोन टपल्या मारल्या होत्या?"

"हो. मला वाटलं, आशीर्वाद."

"तडा आहे का बघत होते."

जावयांनी नकळत डोक्याला हात लावला. मग एकदम सगळं त्यांच्या ध्यानात आलं. पहिल्या टिचकीनं खिडकी उघडत होती आणि तिच्यातलं 'नाही' नेमकं त्याच जागी येत होतं जिथं दुसरी टिचकी पडायची. सासऱ्यांच्या हाताखाली माऊसचा बाण एकदम स्थिर. केसभर हलला असता तरी काम झालं असतं.

त्यांनी ती नक्की-का खिडकी उपटून टाकली आणि बटणाला नवा धडा दिला. दोन टिचक्या आल्या की मगच एक काम समजायचं. काटकोनांनी वाजवून पाहिलं. टक्-टक्, एक चिठ्ठी. पुन्हा टक्-टक्, एक चिठ्ठी.

"आता ऐकतंय," काटकोन म्हणाले आणि पडद्याच्या कडेवर त्यांनी प्रेमानं दोन टिचक्या मारल्या. "उद्या धाकटा चालवेल. मी समोर चहाच्या दुकानात बसतो. संध्याकाळपर्यंत चाललं तर परवा सकाळी निघू."

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चहाच्या दुकानात. काटकोन दुकानाकडे पाठ करून बसले. शब्द दिला होता, लुडबुड करणार नाही. फक्त ते जिथं बसले होते तिथं समोर एक मोठा आरसा होता, त्यांनीच बसवलेला, आणि त्यात त्यांचं अख्खं दुकान दिसत होतं.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"ती भांडकुदळ बाई आली. धाकट्यानं लिहून घेतलं." थोड्या वेळानं, "बटण दाबलं वाटतं." मग बराच वेळ काही नाही. चहा निवला. "धाकटा काहीच करत नाहीये."

"आणि यंत्र?"

"तेही नाही. दोघं एकमेकांकडे बघतायत."

तेवढ्यात आणखी दोन गिऱ्हाइकं आत शिरली. काटकोन खुर्चीतून अर्धे उठले. मी त्यांची बाही धरली.

"शब्द दिलाय तुम्ही."

"दुकान बुडतंय!"

"आणि लेक?"

ते बसले. पण अशी बसण्याची तऱ्हा मी आजवर पाहिलेली नाही. बाई दुकानाबाहेर येऊन तावातावानं काही बोलत होत्या. अखेर काटकोनांना राहवेना म्हणून चौकशीला मलाच धाडलं. माझ्या शब्दाबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

आत जावई हात जोडून उभे. "काका, आणखी एकदा दाबा! दोनदा दाबायचं असतं!"

धाकट्यांनी मान हलवली. "रेघ एकदाच."

त्या महिन्यातलं ते त्यांचं मोठं भाषण असावं. पण मला समजलं, रोज बसतो ना तिथं. काचेवर हिऱ्याच्या टोकानं रेघ ओढतात ती एकदाच. त्याच रेघेवरून पुन्हा गेलं की काच वाटेल तिथून फुटते. जन्मभर ज्यानं श्वास रोखून एकदाच रेघ मारली, तो दुसऱ्यांदा हात लावेल कसा? त्यांनी एकदा दाबलं होतं आणि आता शांतपणे काच तुटायची वाट पाहत होते. यंत्रही शांतपणे दुसऱ्या टिचकीची वाट पाहत होतं. जावयांनी ज्याला थोर म्हटलं होतं ते हेच, आणि इथं ते दोन्ही बाजूंनी चाललं होतं.

"एक भाऊ दोनदा वाजवल्याशिवाय राहत नाही," जावई कपाळ धरून म्हणाले, "आणि दुसरा दोनदा वाजवणार नाही. या दोघांचा एक धंदा इतकी वर्षं चालला कसा?"

"मध्ये तुम्ही नव्हता," बाई म्हणाल्या. त्या खरंच भांडकुदळ होत्या.

जावई खाली बसले. बाईंना मी माझं स्टूल दिलं, हा त्याग कुणी लक्षात घेतला नाही. जावई पुटपुटत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. बाईंचा निम्मा राग निवला तोवर त्यांनी डोकं वर काढलं.

"जमलं! पहिली टिचकी ऐकायची, काम करायचं आणि मग क्षणभर ठार बहिरं व्हायचं. दुसरी टिचकी आली तर त्या बहिरेपणात जाईल. नाही आली तरी बिघडत नाही!"

धाकट्यांनी श्वास रोखला आणि एकदा दाबलं. मागं कुरकुर झाली, एक चिठ्ठी आली. मी रस्त्यापलीकडे हात केला. काटकोन धावतच आले. टक्-टक्. एकच चिठ्ठी.

 काटकोन लेकीला फोन लावून म्हणाले, "निघतोय उद्या." एवढंच. आणि फोन जावयांच्या हातात दिला. जावयांनी ती बहिरेपणाची युक्ती बायकोला मोठ्या अभिमानानं सांगितली.

"ही तुला सुचायला इतके दिवस लागले?" ती म्हणाली. "घरी तर रोज करतोस."

संध्याकाळपर्यंत काटकोन कॉम्प्युटरसमोरून हलले नाहीत. डोक्यातली सगळी कामं त्यांनी आत ओतली, झालेली, व्हायची आणि लोक विसरून गेलेली. प्रत्येकाला केसभर कमी की जास्त त्याची खूण. धाकट्यांना बटणापर्यंत पोचायला वावच मिळाला नाही, पण त्यांनी तक्रार केली नाही.

सकाळी गाडी दाराशी लागली. काटकोनांनी धुवट सदरा घातला होता, बॅग हातात होती आणि बाळासाठी केलेली एक छोटी चौकट कागदात गुंडाळून काखेत. धाकटे दारात उभे होते. जावयांनी गाडीचं दार उघडून धरलं. इतक्या वर्षांत प्रथमच 'पण दुकान' न म्हणता काटकोन पायरी उतरले, गाडीपाशी गेले आणि थांबले.

"जावईबापू, एक बारीकशी विनंती होती."

"बोला ना, बाबा!" जावई म्हणाले. त्या घडीला त्यांनी गाडीसुद्धा देऊन टाकली असती.

"तो कॉम्प्युटर तेवढा सोबत घेऊ या. मांडीवर धरून बसतो मी, तुम्हाला अडचण नाही. धाकट्याला काही अडलं तर तो फोन करेल, मी त्यात बघून सांगेन."